गहू पिवळा पडला तर आधी माती उकरा

सोयाबीन निघालं की गव्हाची घाई सुरू होते. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधायची म्हणून निफाडकडच्या आमच्या काळ्या रानात ओल असतानाच रोटाव्हेटर फिरतो. एका साली तसाच फिरला. वर विकतचं शेणखत पडलं. विकणाऱ्यानं ‘पूर्ण कुजलंय’ म्हणून सांगितलं होतं. ट्रॉली उलटली तर ढिगातून वाफा निघत होत्या आणि उसाचं पाचट जसंच्या तसं होतं.

रान वरून सुरेख दिसत होतं. पहिलं पाणी दिलं आणि गहू पिवळा पडला.

उंचवट्यावर खालची जुनी पानं आधी फिकटली. पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठीच ओढून घेतात, तोवर पीक उपाशी राहतं. सखल भागातलं दुखणं निराळं होतं. तिथं फावड्यानं रोपं मातीसकट उचलली. वरची चार बोटं माती मऊ, खाली घट्ट, चकचकीत थर. मुळं तिथवर जाऊन काटकोनात आडवी वळलेली. ओल्या काळ्या मातीत पात्यांखालचा थर दबतो, पाणी त्यावर तुंबतं. तेही नेमकं पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांत, मुकुटमुळं फुटायच्या वेळी. वाळवी आणि चंदनबटव्याचं तण हे तर कच्च्या खताबरोबर येणारच.

म्हणून खत घेताना ढिगात हात घालाच. आत गरम लागलं, उग्र वास आला, काडी तुटायच्या ऐवजी वाकली, तर ते खत पेरणीच्या तोंडावर रानात नको. ओल टिकवत, वरखाली करत तीन-चार महिने कुजवा. हेक्टरी 10 ते 12 टन मुरलेलं खत पुरतं.

रोटाव्हेटरला माझा विरोध नाही, पण वाफसा नसताना तो घालू नका. वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा करा. खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. थर आधीच बसला असेल तर उन्हाळ्यात, रान कोरडं असताना खोल नांगरट करून फोडा. ओलीत फोडायला गेलात तर नवा थर बसेल.

उभं पीक पिवळं पडलं तर युरियाची गोणी उघडण्याआधी दोन-चार ठिकाणी उकरून बघा. पाणी तुंबलं असेल तर चर काढून ते बाहेर काढा, पुढचं पाणी लांबवा. खालची पानं फिकी आणि मुळं पांढरी, सरळ असतील तरच हेक्टरी 120 किलो नत्रातला राहिलेला निम्मा हप्ता, वाफशावर, लगेच द्या.