कॅमेरा सगळ्यात शेवटी

बारावीचा निकाल लागला की देवरूखमधल्या दोन-चार घरांत तरी हा विषय निघतोच. मुलगी म्हणते, मला न्यूज चॅनेलमध्ये जायचंय. आई म्हणते, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. बाबांनी तोवर आंबवच्या इंजिनिअरिंग कॉलेजची चौकशीही केलेली असते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच, स्टुडिओत ब्लेझर घालून बसलेली अँकर. मुलीला ती हवीशी वाटते, आईवडिलांना बेभरवशाची. ती खुर्ची या धंद्यात फार उशिरा येते, हे मात्र दोघांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

निखिल वागळे यांचंच बघा. त्यांची मतं पटोत न पटोत, मराठी घरांत त्यांचा चेहरा ठाऊक नाही असं होत नाही. ‘आयबीएन-लोकमत’ ही वृत्तवाहिनी सुरू झाली 2008 साली. ‘आजचा सवाल’ आणि ‘ग्रेट भेट’मुळे ते घराघरांत पोहोचले तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. त्याआधीची सगळी वर्षं छापील अक्षरांत गेली. विशीच्या आसपास ‘दिनांक’ साप्ताहिक, 1990 मध्ये स्वतःचं सायंदैनिक ‘आपलं महानगर’. टीव्हीवर ते पाहुण्याला अडवून उलटा प्रश्न विचारत, त्यामागे ही सगळी तालीम होती. राजदीप सरदेसाई 1988 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लागले, टीव्हीवर आले 1994 मध्ये. सीमेपलीकडेही हाच रस्ता दिसतो. पाकिस्तानी पत्रकार हमीद मीर 1987 मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकात लागले. ‘जिओ’ वाहिनीवरचा त्यांचा ‘कॅपिटल टॉक’ सुरू झाला तो 2002 साली.

हमीद मीर यांचं नाव काढलं की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: यात जिवाला धोका नाही ना? 2014 मध्ये कराचीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले आणि पुन्हा पडद्यावर आले. पण भीतीसाठी कराचीपर्यंत जायला नको. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. 2009 मध्ये शिवसैनिकांनी ‘आयबीएन-लोकमत’च्या कार्यालयांवर हल्ला केला होता, तो तर कॅमेऱ्यांसमोर. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा आहे म्हणून काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही. मोठ्या शहरातल्या अँकरपेक्षा तालुक्यातला एकटा वार्ताहर जास्त उघड्यावर असतो, हे मुलालाही माहीत असू द्या.

पैशाचंही तसंच. वाहिनीचा तालुक्यातला माणूस बहुधा स्ट्रिंगर असतो. पगार नाही, बातमी लागली तर मानधन. पेपरच्या वार्ताहराचं घर अनेकदा जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, आणि ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं, हा पेच त्यातूनच येतो. ठरलेला पगार मिळतो तो मुंबईत, डेस्कवर. तिथेही सुरुवात रात्रपाळीने.

काम दिसतं कसं? समजा, पावसात आंबा घाटात दरड आली. मुंबईहून असाइनमेंट डेस्कचा फोन येतो: मोबाइल आडवा धरून शूट कर, दरडीचा लांबचा शॉट, जवळचा शॉट, अडकलेल्या ट्रकची रांग. एका ड्रायव्हरचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यावरची छोटी प्रतिक्रिया, बांधकाम खात्याच्या अभियंत्याचा बाइट, मग स्वतःचा पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं. साखरप्याच्या पुढे रेंज मिळेल तिथून व्हिडिओ पाठव. दहा मिनिटांनी फोनोवर, म्हणजे फोनवरून थेट बातमीपत्रात घेतो, चाळीस सेकंदांत सांग. त्या चाळीस सेकंदांत घाट कधी बंद झाला, कोणी जखमी आहे का, कोल्हापूरची एसटी कुठून वळवली, हे यायला हवं. ‘या ठिकाणी आपण पाहू शकता’ म्हणत पंधरा सेकंद घालवणारे रोज दिसतातच. ड्रायव्हर काही सांगायला तयार होतो तो संगमेश्वरी बोलीत कोणी विचारपूस केली तर; त्यामुळे ‘आमच्या पोराची भाषा गावठी आहे’ ही चिंता सोडा. स्टुडिओची प्रमाण भाषा सहा महिन्यांच्या सरावाने येते.

शिक्षणाबाबत माझं मत ठाम आहे. बारावीनंतर लगेच ‘मास मीडिया’च्या मागे लागून मुंबईत खोलीभाडं भरण्यापेक्षा इथल्याच आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालयातून पदवी घ्यावी. एखादा विषय नीट शिकावा, कारण बजेट, सातबारा, निवडणुकीचे आकडे वाचता येणारा पत्रकार कमी सापडतो. पत्रकारिता त्यानंतर. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईचं गरवारे, घाट चढून गेल्यावर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. बातमी देण्यापेक्षा ती कापण्या-जोडण्यात रस असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमधले व्हिडिओ एडिटिंग आणि ध्वनिमुद्रणाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम बघा. ही कौशल्यं चॅनेल बंद पडलं तरी दुसरीकडे चालतात.

पदवीची तीन वर्षं मोकळी नसतात. नगरपंचायतीच्या सभेला जाऊन बसा, पाणीपुरवठ्याच्या एका विषयावर शंभर शब्द लिहा आणि मोबाइलवर मिनिटभरात वाचून रेकॉर्ड करा. रत्नागिरी आकाशवाणीत नैमित्तिक निवेदकांची जाहिरात निघते का, यावर लक्ष ठेवा. माइकची भीती तिथे स्वस्तात जाते.

आणि पालकांनो, एखादी खासगी संस्था लाखभर फी सांगून ‘प्लेसमेंट नक्की’ म्हणत असेल, तर गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागा. त्यांना पहिला पगार कितव्या महिन्यात मिळाला, ते त्यांनाच विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर चहा पिऊन परतीची एसटी पकडा.