सपाट पडद्याचा टीव्ही : दुकानासाठी कोणता आणि घरासाठी कोणता?



कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. बाई साडी पसंत करते आणि लगेच म्हणते, "जरा बाहेर उजेडात दाखवा." दुकानातील दिव्याखाली जो रंग मोरपंखी वाटतो तोच दारात नेल्यावर निळा निघतो, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. पाचशे रुपयांच्या साडीसाठी ती हा शहाणपणा वापरते. आपण मात्र चाळीस-पन्नास हजारांचा टीव्ही घेताना शोरूमच्या उजेडातच सौदा पक्का करून येतो.

आज मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात लहान दुकानातही भिंतीवर पडदा दिसतो. कोणी त्यावर कॅमेऱ्याचे चित्र पाहतो. कोणी सुरतेहून मोबाइलवर आलेली डिझाइने गिऱ्हाइकास मोठी करून दाखवतो. लाकडी कामाचे कारागीर आपले जुने काम दाखवून नवी मागणी मिळवतात. म्हणजे टीव्ही आता केवळ करमणुकीची वस्तू नसून धंद्याचे अवजार झाला आहे. अवजार निवडताना जो हिशोब करावा लागतो, तोच येथेही करावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आमची एक महाग चूक

सन २०२२ मध्ये आम्ही दुकानासाठी ओएलईडी जातीचा ५५ इंची टीव्ही घेतला. शोरूमच्या मंद उजेडात त्याचे चित्र पाहून आम्ही आणि आमचे धाकटे बंधू दोघेही थक्क झालो होतो. लाखाच्या वर रक्कम मोजली. तेवढ्या रकमेत सणाच्या हंगामाचा बराच माल आला असता. टीव्ही दुकानात दरवाजासमोर लावला. सकाळी दहापासून रात्री साडेआठपर्यंत वर दुकानाचे नाव, खाली दरांची पट्टी आणि मध्ये साड्यांची चित्रे, असा क्रम रोज चाले.

दीड वर्षात पडद्यावर दुसरे काहीही लावले तरी आमच्या दुकानाचे नाव त्यामागे पुसट दिसू लागले. तपासणीस आलेल्या माणसाने हमीचा कागद पुढे केला. हमी घरगुती वापरासाठी होती आणि स्थिर चित्राचा डाग तिच्यात धरलेला नव्हता. पडदा बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीइतका. बंधू एवढेच म्हणाले, "भाई, ताका न उलगडता माल घेतला आपण."

यंत्र वाईट नव्हते. ते अंधाऱ्या बैठकीच्या खोलीसाठी बनले होते आणि आम्ही त्याला बाजाराच्या उजेडात दिवसभर राबवले. तेव्हापासून आमचा नियम एकच : आधी भिंत ठरवावी, मग टीव्ही.

नावे अनेक, जाती दोनच

खोक्यावर एलसीडी, एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावे वाचून माणूस गोंधळतो. वास्तविक आज घराच्या बाजारात जाती मुख्यतः दोन आहेत. एका जातीत उजेड पडद्याच्या मागून येतो, तर दुसरीत पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो.

*पहिली जात, एलसीडी :* काचेच्या दोन पातळ थरांमध्ये द्रवस्फटिक भरलेले असते. ते खिडकीच्या झडपांसारखे काम करते. मागून येणारा उजेड कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा, हे त्या झडपा ठरवतात. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइट असत, त्यांच्या जागी एलईडी दिवे आले. म्हणून ज्याला आपण "एलईडी टीव्ही" म्हणतो तो मुळात एलसीडीच आहे, फक्त दिवा बदलला. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी उजेड शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या जातीचा दोष असा की झडपा कितीही मिटल्या तरी थोडा उजेड झिरपतो आणि काळा रंग राखाडी दिसतो. बुरख्याच्या कापडाचा व्यापार करणाऱ्यांना हे लगेच कळेल. गडद काळा आणि विटका काळा असे दोन ताके स्वस्त पडद्यावर सारखेच दिसतात. गुण असा की उजेड भरपूर, किंमत कमी, आणि स्थिर चित्राचा कायमचा डाग सहसा पडत नाही.

*क्यूएलईडी* हीसुद्धा एलसीडीच आहे. तिच्यात मागच्या निळ्या उजेडापुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा रंग अधिक शुद्ध उतरतो. या कणांच्या शोधाबद्दल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. *मिनी एलईडी* मध्ये मागचे दिवे फार लहान आणि संख्येने पुष्कळ असतात, त्यांचे विभाग पाडलेले असतात. जेथे चित्र काळे, तेथील दिवे मंद होतात. त्यामुळे काळा रंग बराच सुधारतो आणि उजेडही कमी होत नाही.

*दुसरी जात, ओएलईडी :* येथे मागे दिवा नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र पणती. काळा हवा तेथे पणती विझते, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो आणि बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. कोडॅक कंपनीतील तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये या तंत्राचा पाया घातला. परंतु जी पणती रोज जास्त जळते ती लवकर झिजते. एकच नाव, एकच पट्टी रोज दाखवली तर तेवढ्या जागेची झीज वेगळी दिसते. आमच्या पडद्यावरील डाग हाच.

*प्लाझ्मा* या तिसऱ्या जातीचा आता केवळ इशारा द्यावयाचा. पॅनासॉनिकने २०१३ अखेर तिचे उत्पादन थांबवले. सॅमसंग आणि एलजी यांनीही २०१४ मध्ये माघार घेतली. असा जुना मोठा टीव्ही कोणी स्वस्तात देऊ केला तर मोहात पडू नये. तो वीज जास्त खातो आणि त्याचे सुटे भाग मिळणे कठीण.

पाहणी कशी करावी?

शोरूममध्ये टीव्ही बहुधा सर्वांत भडक रंगांवर लावलेला असतो, जसे आपण साडीवर पिवळा दिवा सोडतो. विक्रेत्यास नम्रपणे सांगून चित्राची मांडणी "सिनेमा" किंवा "नैसर्गिक" या पर्यायावर आणून घ्यावी. सोबत पेनड्राइव्हवर आपल्या मालाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो न्यावेत. त्या मालाचा एक तुकडाही खिशात ठेवावा. तुकडा आणि पडदा शेजारी धरले की खरे-खोटे लगेच उघड होते.

नंतर बाजूला सरकून पाहावे. काही एलसीडी पडदे बाजूने पाहता फिके पडतात, पण समोरून त्यांचा काळा रंग चांगला असतो. काही बाजूनेही चांगले दिसतात, पण त्यांचा काळा रंग कमी गडद. दुकानात गिऱ्हाईक गादीवर पसरून बसते, तेथे दुसरा प्रकार योग्य. घरी सर्व समोर बसतात, तेथे पहिला. खोक्यावर हे बहुधा लिहिलेले नसते, डोळ्यांनीच पाहावे लागते.

माप कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत धरतात. ४३ इंची टीव्ही म्हणजे तिरके १०९ सेंटिमीटर, आडवी रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. कापडाची वीण, जरीचे काम किंवा लाकडाची रेषा जवळून दाखवायची असेल तर ४के चा उपयोग आहे. फक्त कॅमेऱ्याचे चित्र पाहायचे असेल तर त्यावर पैसे खर्चू नयेत.

आणखी एक गोष्ट. पडदा कितीही उत्तम असला तरी त्यावर रंग पाहून मालाची ऑर्डर देऊ नये. समोरच्याचा मोबाइल वेगळा, त्याचा दिवा वेगळा. नमुन्याचा तुकडा किंवा शेड कार्ड मागवूनच गाठ बांधावी.

खारी हवा, वीज आणि चिऱ्याची भिंत

आपल्या किनाऱ्यावर टीव्हीचे मुख्य शत्रू तीन. पहिला खारी, दमट हवा. मीठ आणि ओल मिळून आतील पट्टीवरील तांबे खातात. त्यामुळे समुद्राकडील खिडकीसमोर टीव्ही लावू नये आणि मागे हवा खेळण्यास जागा ठेवावी. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल धरते, तेव्हा शक्यतो आतली कोरडी भिंत निवडावी. चिरा ठिसूळ असतो. लहान स्क्रूवर भरवसा न ठेवता लांब फास्टनर वापरावेत. ज्यांची घरे गणपती किंवा मे महिन्यापुरतीच उघडतात, त्यांनी तेथे महाग टीव्ही ठेवूच नये. बंद घरातील ओल त्याला चालू घरापेक्षा लवकर खाते.

दुसरा शत्रू आकाशातील वीज. मे महिन्यातील वळीव आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस हे धोक्याचे दिवस. गडगडाट लांब ऐकू येताच प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. डिशची आणि इंटरनेटची तारही काढावी, कारण झटका त्या वाटेनेही येतो. दुकानाचे अर्थिंग उन्हाळ्यात एकदा तपासून घ्यावे. कोरड्या जांभ्या जमिनीत ते कमकुवत होते.

तिसरा शत्रू कमी-जास्त दाब. १६ मे २०२१ च्या आसपास तौक्ते वादळाने जिल्ह्यातील विजेचे खांब पाडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा खंडानंतर वीज परत येते तेव्हा दाब स्थिर होईपर्यंत टीव्ही लावू नये. टीव्हीच्या मागील पट्टीवर तो किती व्होल्टवर चालतो ते लिहिलेले असते, ते वाचूनच स्टॅबिलायझरचा निर्णय घ्यावा. झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर मात्र अवश्य बसवावा.

विजेचा खर्च मोजणे सोपे आहे. ८० वॉटचा टीव्ही रोज १० तास चालला तर दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला २४ युनिट. दोन टीव्हींमध्ये निवड करताना स्टार लेबलवरील वार्षिक युनिटांचा आकडा पाहावा.

कर, हमी आणि हप्ते

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला, म्हणजे लहान टीव्हीइतकाच. मूळ किंमत २०,००० रुपये धरल्यास कर ५,६०० वरून ३,६०० वर आला. कर वाचवण्यासाठी ३२ इंचांवर थांबण्याचे कारण आता उरले नाही.

नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास दुकानाच्या वापराच्या टीव्हीवरील कराचे इनपुट क्रेडिट घेता येते. बिल दुकानाच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह हवे. कंपोझिशन योजनेत ही सवलत नाही. मात्र घरी लावलेला टीव्ही दुकानाच्या वहीत दाखवणे हा प्रामाणिक व्यवहार नव्हे.

हमीचा कागद पैसे देण्यापूर्वी वाचावा. घरगुती टीव्हीची हमी दुकानातील वापरास अनेकदा लागू नसते. दिवसभर पडदा चालवायचा असेल तर व्यापारी वापरासाठी बनवलेले डिस्प्ले मिळतात. ते महाग असतात, पण रोज किती तास चालवता येतील हे त्यांवर स्पष्ट लिहिलेले असते. लक्षात ठेवावे की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सामान्यतः "ग्राहक" ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्यास अपवाद आहे. दुरुस्ती आपल्या गावच्या पिनकोडवर घरपोच मिळते की टीव्ही कोल्हापूरला न्यावा लागतो, हेही आधीच विचारावे.

"बिनव्याजी हप्ता" ऐकून हुरळू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. रोखीची सवलत किती आणि हप्त्याची प्रक्रिया फी किती, हे दोन आकडे शेजारी मांडले की लपलेले व्याज दिसते. व्याज टाळू इच्छिणाऱ्यांनी तर हा हिशोब केलाच पाहिजे. थोडे थांबून रोखीने लहान टीव्ही घेणे अधिक बरे.

सारांश

१. उजेडाचे दुकान, स्थिर चित्र, कॅमेरा : साधा एलईडी. दिवसभर चालवायचा असल्यास व्यापारी डिस्प्ले.

२. जेथे रंग दाखवून विक्री होते : ४के क्यूएलईडी, ऐपत असल्यास मिनी एलईडी.

३. घरची अंधारी खोली, सिनेमा, बदलती चित्रे : ओएलईडी, तीही समुद्रापासून आतल्या भिंतीवर.

४. अधूनमधून उघडणारे घर : लहान, स्वस्त एलईडी.

आमचा डाग पडलेला टीव्ही आता घरी बैठकीच्या खोलीत आहे. रात्री दिवे मंद करून पाहिला तर चित्र आजही देखणे आहे, फक्त पांढरा पडदा आला की आमच्याच दुकानाचे नाव आम्हाला दिसते. दुकानात साधा ४३ इंची एलईडी लावला आहे आणि गिऱ्हाइकांची त्याबद्दल काही तक्रार नाही. साडी मात्र अजूनही त्या दारातच नेऊन पाहतात.