नवा नकाशा कसा तयार होतो?

भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा कितीदाही उघडा, तो तसाच असतो. पण संगणकाच्या काही खेळांत दर वेळी नवाच नकाशा तयार होतो. तो कसा, ते मी सांगते.

सिव्हिलायझेशन नावाचा एक खेळ आहे. पहिला १९९१ साली निघाला. आत्याच्या घरी दादाच्या संगणकावर त्याचा सहावा भाग आहे, तो २०१६ सालचा. (पालकांनी रागावू नये, मी सुट्टीतच खेळते.) त्यात शहरं वसवायची, शेती करायची, सैन्य ठेवायचं. जमीन मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरांची असते. सर्वांत लहान नकाशा ४४ गुणिले २६, म्हणजे ११४४ घरं. सर्वांत मोठा १०६ गुणिले ६६. हा गुणाकार तुम्ही करा.

खेळाआधी संगणक विचारतो, पृथ्वी किती जुनी हवी? नवी म्हटलं की डोंगर जास्त, जुनी म्हटलं की कमी. मला आधी हे उलटं वाटलं. मग दादाने समजावलं, की ऊन, वारा, पावसाने डोंगर झिजतात. हिमालय वयाने लहान, म्हणून एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. अरवली फार म्हातारा, त्याचं सर्वांत उंच शिखर गुरुशिखर १,७२२ मीटरच. खेळात डोंगरावरून सैन्य जात नाही. म्हणून मी पृथ्वी नवी ठेवते, पाठीशी डोंगर बरा!

हवा थंड ठेवली की बर्फाळ जमीन वाढते, उष्ण ठेवली की वाळवंट. पाऊस कमी केला की जंगल कमी. समुद्र खाली ठेवला की जमीन जास्त.

आता खरी गंमत. संगणक चिठ्ठ्या टाकत नाही. तो एक आकडा घेतो आणि त्यावर लांबलचक गणितं करत जातो. आकडा तोच, तर उत्तर तेच, म्हणजे नकाशाही तोच. त्या आकड्याला सीड म्हणतात, म्हणजे बियाणं. पण बियाणं तेच असलं तरी पाऊसपाणी बदललं की पीक बदलतं ना? तसंच इथं. दादाने आकडा तोच ठेवून पाऊस कमी केला, तर जंगलं वेगळीच आली.

ह्या आकड्याने आमचं भांडण मिटलं. मागच्या दिवाळीत ताईला नदीकाठ मिळाला अन् मला नुसता बर्फ. ती जिंकली. मी म्हणाले, "जमीन जिंकली, तू नाहीस." सुरुवातीची जागा सगळ्यांना सारखी चांगली मिळावी अशीही सोय आहे, पण ताईला ती पटेना. मग आम्ही दोघींनी वेगवेगळं खेळायचं ठरवलं. आकडा तोच, पाऊस तोच, राजासुद्धा तोच, कारण राजा बदलला तर जागा बदलू शकते. आधी ती खेळली, मग मी. शंभर डावांत तिची पाच शहरं झाली, माझी सहा. वहीत लिहून ठेवलंय. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आकडा ताई निवडणार आहे.

– इयत्ता ४ थी