पाळणाघराची फी आणि भिंतीवरचा परवाना

भाचीसाठी पाळणाघर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. पुण्यातल्या एका ठिकाणी विचारलं, "परवाना आहे ना?" चालक बाईंनी भिंतीकडे बोट केलं. लॅमिनेट करून टांगलेले दोन कागद. चष्मा लावून वाचले. एक गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा. दुसरा उद्यम नोंदणीचा. दोन्ही अस्सल. पण खिडकीला गज आहेत का, गॅसची नळी कुठून गेली आहे, पंधरा मुलांमागे किती बायका आहेत, हे पाहायला या कागदांसाठी कोणीही आलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही हेच दोन कागद असतात.

म्हणून सुरुवातीलाच सांगते. शाळेला जशी मान्यता लागते, तसा तपासणीनंतर मिळणारा एकच एक परवाना आपल्याकडे खासगी पाळणाघराला नाही. त्यामुळे "सगळी लायसन्स आहेत" या वाक्याला तुमचा पुढचा प्रश्न एकच असावा : कशाची? उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. गुमास्ताही ऑनलाइन होतो, कामाला माणसं थोडी असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना दिली की भागतं. स्वयंपाक तिथेच होत असेल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. ती नसेल तर मात्र कान टवकारा, कारण ही नोंदणी स्वस्त आहे आणि ती न करणं हा निव्वळ आळस.

कागदांत खरा उपयोगाचा एकच, आणि तो पाळणाघराकडे नसतो, सोसायटीकडे असतो. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन शेवटचा फॉर्म बी कधीचा, एवढं विचारा. सेक्रेटरी चेहऱ्याकडे बघत राहिले तर उत्तर मिळालं. तिथेच दुसरा प्रश्न : फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवायला सोसायटीची एनओसी आहे का? नसेल तर वर्षाच्या मध्यात भांडण होतं आणि मूल दुसरीकडे हलवायची वेळ आपल्यावर येते.

मग नियम काहीच नाहीत का? आहेत, पण ते विखुरलेले आहेत. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याचा हक्क मिळाला. पुढच्या वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी आहेत, गल्लीतल्या काकूंवर त्यांचं बंधन नाही. तरी मोजपट्टी म्हणून मी त्याच वापरते, कारण दुसरी हाताशी नाही. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, तीन वर्षांवरच्या २० मुलांमागे एक, जोडीला मदतनीस. प्रत्येक मुलाला १० ते १२ चौरस फूट जागा. आणि मला सर्वांत आवडलेली सूचना : मुलं आत असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा बाहेरच्या माणसांना आत घ्यायचं नाही.

जागा मोजायला टेप नको. फरशी दोन बाय दोनची असेल तर एका मुलाला तीन फरश्या. हॉलमधल्या मोकळ्या फरश्या मोजा, सोफा, कपाट, पाळणे यांच्याखालच्या सोडून, आणि तीनने भागा. भाचीच्या वेळी आम्ही उभ्याउभ्या मोजल्या : तेहतीस फरश्या, म्हणजे अकरा मुलं. पटावर अठरा होती.

फी कशाची?

पुण्या-मुंबईत मोघम बोलायचं तर घरगुती पाळणाघर महिन्याला तीन ते सहा हजारांत मिळतं. नावाजलेल्या साखळीतल्या दिवसभराच्या डे-केअरला दहा ते वीस हजार मोजावे लागतात. आयटी पार्कजवळ त्याहूनही वर. तालुक्याच्या गावी हे आकडे बरेच खाली येतात. पण आकडा महाग की स्वस्त, हे त्यातून किती हात विकत मिळतात त्यावर ठरतं.

हिशेब करून बघा. वीस मुलांचं पाळणाघर, आठ मुलं तीन वर्षांखालची. दोन सेविका, प्रत्येकी १५ हजार धरू. मदतनीस १२ हजार. चालक ताईंचा स्वतःचा मोबदला २५ हजार. भाडं ३० हजार. वीज, पाणी, गॅस, खाऊ, फिनेल, दुरुस्ती मिळून १५ हजार. बेरीज १ लाख १२ हजार. वीस मुलांनी भागा : दरडोई ५,६००. आता अशाच भाड्याच्या जागेत कोणी सकाळी नऊ ते संध्याकाळी सातसाठी तीन हजारच घेत असेल, तर हाती येतात ६० हजार. त्यात पगार आणि भाडंसुद्धा निघत नाही. म्हणजे कुठेतरी कात्री लागली आहे, आणि ती भाड्याला लागत नाही. ती दुसऱ्या सेविकेला लागते.

याउलट एखादी काकू स्वतःच्या घरात सहा मुलं सांभाळते, मुलामागे चार हजार घेते. भाडं नाही, पगार नाही, २४ हजार तिचे. हा व्यवहार चोख आहे. तिच्याकडे एकही लॅमिनेट केलेला कागद नसेल, तरी झगमगीत डे-केअरपेक्षा तिथे मूल जास्त सुरक्षित असू शकतं. अट एवढीच की सहाची दहा होता कामा नयेत. आणि काकू आजारी पडल्या तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार हवं.

परदेशातल्या मराठी घरांतून नेहमी ऐकू येतं की तिकडची पाळणाघरं परवडत नाहीत. कारण हेच, हात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, आपल्या सूचनांत दहामागे एक. तिकडच्या ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेचा अहवाल घरबसल्या वाचता येतो. अमेरिकेतही परवानाधारक केंद्रांच्या तपासणीचे निष्कर्ष राज्यांना संकेतस्थळावर टाकावे लागतात. आपल्याकडे तपासनीस म्हणजे आपणच, तेव्हा नीट व्हायला हवं.

तपासनीस होऊन जा

सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी फरशी पुसलेली असते, मुलं रंगकाम करत असतात आणि चालक ताई दारात हसतमुख उभ्या असतात. दुपारी अडीच ते चारच्या मध्ये जा, न कळवता. जेवणं झालेली, निम्मी मुलं झोपलेली, एक मावशी डबे घासते आहे, दुसरी मोबाइलवर किंवा स्वतःच आडवी. या वेळी किती मोठी माणसं जागी आहेत, तीच त्या पाळणाघराची खरी संख्या. "मुलं झोपली आहेत, आत्ता नका येऊ" असं दारातच सांगितलं तर रागावू नका, बाहेरूनच पाच मिनिटं बघू द्या म्हणा. तेही नाकारलं तर दुसरं पाळणाघर शोधा.

आत गेल्यावर आधी बाथरूम. भरलेली बादली उघडी दिसली तर बाकीचं पाहायची गरज नाही. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. बाथरूमची कडी मुलाच्या हाताला येते का, आणि आतून लागली तर बाहेरून उघडते का, हे करून पाहा. मग स्वयंपाकघर : दाराला छोटं फाटक आहे का, कुकर मागच्या शेगडीवर आहे का. बाल्कनीचे गज उभे हवेत. आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडी. प्लगना झाकणं. अग्निशामक सिलिंडर असेल तर त्याच्या काट्याकडे पाहा, तो हिरव्या पट्ट्यात हवा. मग मावशींना विचारा, हा चालवायचा कसा? बहुतेक ठिकाणी त्या लाजून हसतात. छोटा एबीसी पावडरचा सिलिंडर दोन-अडीच हजारांच्या आसपास येतो. नसेल तर पालकांनी वर्गणी काढून द्यावा, त्यात कमीपणा नाही.

औषधांची वही मागा. कोणत्या मुलाला, किती वाजता, किती दिलं, कोणी दिलं. "आम्ही लक्षात ठेवतो" हे उत्तर नापास. मूल न्यायला येणाऱ्यांची यादी फोटोसकट आहे का, आणि एखाद्या संध्याकाळी अनोळखी 'काका' आले तर मावशी काय करतील? खाऊत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहानग्यांना देत असतील तर तिथल्या तिथे बोला.

सीसीटीव्हीबद्दल थोडं सविस्तर, कारण हल्ली फी वाढवायचं ते मोठं निमित्त आहे. खारघरला २०१६मध्ये एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच उघडकीस आली. पण कॅमेऱ्याने ती आधी थांबली नाही; पडद्यासमोर कोणी नसेल तर कॅमेरा काही थांबवत नाही. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या २०२४च्या प्रकरणात तिथलं चित्रण न मिळण्याचा मुद्दा गाजला. तेव्हा "कॅमेरे आहेत" यावर समाधान मानू नका. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? गेल्या मंगळवारचं दुपारचं दाखवा म्हणा. दाखवता आलं तर कॅमेरा आहे, नाही तर शोभा आहे. मोबाइल ॲपवर थेट चित्र देणारे त्याचे वेगळे पैसे घेतात. ते द्यायचे की नाही, तुमची मर्जी. मी तेवढ्या पैशांत आणखी एक मावशी मागेन. आणि कपडे बदलायच्या जागेवर कॅमेरा नसावा.

प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. त्यात गाडीवाला आणि स्वयंपाकीणही आले.

छापलेल्या फीच्या पलीकडे

छापलेली फी हा अर्धाच खर्च. नोंदणी फी परत मिळत नाही, डिपॉझिट मिळतं. दोन्ही शब्द पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या. उशिराचा आकार अर्ध्या तासाला असतो आणि ट्रॅफिक ही सबब चालत नाही. महिन्यात चारदा उशीर होणार असेल तर तो धरूनच तुलना करा. दिवाळीत दहा दिवस गावी गेलात तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण फी लागते. शनिवार, स्नेहसंमेलन, गणवेश, 'किट' हे वेगळं. पाळणाघराची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही. तरी पावतीत जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक बघा. करबचतीबाबत : जुन्या करप्रणालीत प्लेग्रुप-नर्सरीच्या शिकवणी फीला वजावट मिळते, नुसत्या सांभाळण्याच्या फीला नाही. दोन्ही एकाच ठिकाणी असेल तर पावत्या वेगळ्या मागा.

प्लेग्रुप म्हटलं की आणखी एक. तीन ते सहा वयोगटाच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२५मध्ये पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. तुमचं डे-केअर सकाळी नर्सरीही चालवत असेल तर ही नोंदणी दाखवा म्हणा. पण ती नर्सरीची आहे, दुपारच्या पाळणाघराची नाही, हे विसरू नका.

फी देण्याआधी स्वतःच्या ऑफिसात एक ईमेल करा. ५० किंवा अधिक माणसं असतील तर पाळणाघराची सोय कुठे आहे आणि फी कोण भरणार, हे एचआरकडून लेखी घ्या. फोनवर मिळालेलं "बघतो" हे उत्तर धरू नका. खासगी फी परवडत नसेल तर केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरं आहेत. जवळच्या अंगणवाडी ताईंना विचारा.

पैशाचा वाद, म्हणजे बुडवलेलं डिपॉझिट किंवा न दिलेली सेवा, जिल्हा ग्राहक आयोगात जातो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र मुलाच्या अंगावर वळ दिसला, मूल एका विशिष्ट माणसाला पाहून घाबरायला लागलं, तर तो पैशाचा वाद नाही. सांभाळ करणाऱ्या संस्थेतल्या माणसाने मुलाशी क्रूरपणा केला तर बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळणाघरालाही आणि आपल्यालाही. "आपसात मिटवू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रेकॉर्डिंग पुसू नका असं लेखी कळवा आणि पोलीस ठाणं गाठा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, फुकट.