वेध आणि ध्यास : एक शब्दविवेक

धनाचा ध्यास, कीर्तीचा ध्यास, असे लोक सहज बोलून जातात. परमार्गात मात्र या शब्दाचा विचार ‘वेध’ या शब्दाच्या जोडीने केला पाहिजे. एरवी साधनाचे वर्म हाती लागत नाही.

‘ध्यास’ शब्दाच्या मुळाशी ‘ध्यै’ म्हणजे चिंतन करणे हा धातू आहे. ‘निदिध्यास’ या संस्कृत रूपात चिंतनाची इच्छाही अंतर्भूत असून, मराठीत तोच शब्द ‘निजध्यास’ होऊन रुळला. ‘वेध’ शब्द ‘व्यध्’ म्हणजे विंधणे या धातूपासून झाला. वेध घेणे म्हणजे नेम धरणे. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. येथील वेध लागतो, म्हणजे जीव विंधला जातो. ध्यास लागतो, तसा घेताही येतो. दोहोंतील भेद नेमका येथे आहे.

श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानात जीवांना वेध होई आणि वेधापाठोपाठ बोध होई. हा वेध जीवाची कमाई नव्हे. ती परमेश्वराची कृपा. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर भक्तांना असन्निधान आले. तेव्हा त्यांच्या हाती उरले ते स्मरण : नाम, रूप, लीळा, चेष्टा यांचे. म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून लीळाचरित्र सिद्ध केले, ते याच ध्यासातून. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. परंतु पोथी लुटता आली तरी स्मरण लुटता आले नाही. हिराइसेसारख्यांच्या मुखोद्गत पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला.

‘मला वेध लागत नाही’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्या साधकाने हे ध्यानी घ्यावे. वेध देणे परमेश्वराकडे आहे. ध्यास घेणे साधकाकडे. मात्र मुखाने नाम आणि मनाने प्रपंच, याला ध्यास म्हणता येत नाही. काम संपून मन मोकळे झाले की ते आपोआप जिकडे वळते, त्याचाच ध्यास खरा. ते विषयाकडे वळले तर खेद करीत न बसता त्याला एखाद्या लीळेवर आणून ठेवावे. पुन्हा सुटले तर पुन्हा आणावे. हे वारंवार आणणे म्हणजेच ध्यास घेणे होय. असन्निधानी जीवाला एवढेच करणे शक्य आहे, आणि तेवढे तरी त्याने केलेच पाहिजे.