ऊन कडक, तरी पाणी कोमट का?

प्रश्न : बेंगळुरूला बसवनगुडीत आमच्या गच्चीवर १०० लिटरचं जुनं सोलर मी स्वतः जोडलं. दुपारी पॅनेलची काच हात लावू देत नाही, पण सकाळी नळाला पाणी येतं ते कोमट. पंपाशिवाय पाणी टाकीत चढतं तरी कसं, आणि माझं घोडं अडतंय कुठे?

उत्तर : काच तापते आहे, म्हणजे उन्हाकडे बोट दाखवायला जागा नाही. दोष पाण्याच्या वाटेत शोधायचा.

पंप नसतानाही पाणी फिरतं ते वजनातल्या फरकामुळे. तांब्याच्या नळ्यांतलं पाणी तापलं की हलकं होतं आणि वरच्या पाइपाने टाकीत चढतं. टाकीच्या तळाचं गार, जड पाणी खालच्या पाइपाने पॅनेलमध्ये उतरतं. हा जोर फार थोडा असतो, हवेचा एक फुगाही तो अडवतो. पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा सुटते. टाकीकडे जाणारा पाइप सलग चढता असेल तर ती निघून जाते; मध्ये कुठे उंचवटा आला की तिथेच अडकून बसते. घरी जोडलेल्या सोलरमध्ये मी आधी हेच बघेन.

तपासणी सोपी आहे. भर दुपारी, कोणी पाणी वापरत नसताना, टाकीजवळ दोन्ही पाइपांना जपून हात लावा. वरचा चटका देतो आणि खालचा गार आहे, तर पाणी फिरतंय. पॅनेल तापूनही वरचा पाइप गारच असेल, तर हवा अडकली आहे किंवा नळ्यांत क्षार साचलाय. बोअरवेलच्या जड पाण्यावर हे व्हायचंच. कावेरीचं पाणी त्या मानाने बरं. क्षार काढायला अ‍ॅसिड लागतं, ते काम जाणत्या माणसाकडेच द्या.

संध्याकाळी कडकडीत आणि सकाळी कोमट, असं असेल तर मात्र दुखणं वेगळं. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान फूटभर उंच हवा. नाहीतर रात्री चक्र उलटं फिरतं आणि दिवसाची सगळी कमाई पॅनेलमधून आकाशात जाते. पहाटे पॅनेलचा वरचा पाइप कोमट लागला, तर हेच होतंय असं समजा. टाकीचं इन्सुलेशन भिजलेलं नाही ना, तेही पाहा. टाकी वेगळी काढून ती उबदार गुंडाळायची युक्ती विल्यम बेलीने १९०९ साली कॅलिफोर्नियात बाजारात आणली आणि नावच ठेवलं ‘डे अँड नाइट’.

आणखी एक चोर असतो न्हाणीघरात : मिक्सर. सोलरला येणारा गार पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ सोडा. थोड्या वेळाने धार थांबायला हवी. थांबली नाही, तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार वीस-पंचवीस अंश. बेंगळुरू १३ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य डोक्यावरून सुमारे ३६ अंश दक्षिणेला कललेला असतो, आणि गरम पाण्याची खरी गरज तेव्हाच. टाकीत नुसतं पाणीच १०० किलो भरतं, तेव्हा स्टँडचे पाय भिंतीवर किंवा बीमवर येऊ द्या. पुढेमागे काचेच्या नळ्यांचं सोलर घेतलंत, तर ते रिकामं असताना दुपारी पाणी सोडू नका, नळ्या तडकतात. भरायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत.