स्वस्त तिकिटाचं गणित

विमानात शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाने तुमच्या दुप्पट पैसे दिलेले असू शकतात. सीट तशीच, विमान तेच, मग भाडं वेगळं का?

विमान एकदा उडवायचं ठरलं की पायलटचा पगार, विमानाचं भाडं, लँडिंगचे चार्जेस आणि बरंचसं इंधन हा खर्च होतोच. १८० सीट्समध्ये एक प्रवासी वाढला तर खर्च अगदी थोडा वाढतो. आणि रिकामी गेलेली सीट उद्या विकता येत नाही, ती नासलेल्या दुधासारखी वाया जाते. म्हणून आधी बुक करणाऱ्याला बहुधा स्वस्त तिकीट देऊन सीट भरतात, आणि ज्याला उद्याच जायचं आहे त्याच्याकडून जास्त घेतात.

आता त्याच मार्गावर दुसरी कंपनी आली की भाव उतरू लागतात, कारण दोघांनाही सीट भरायची घाई असते. १९५३ च्या कायद्याने आपल्याकडे विमानसेवा सरकारी झाली होती. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली. जेवण फुकट नाही, पण तिकीट स्वस्त! रेल्वेने जाणारा माणूस पहिल्यांदा विमानात बसला.

पण भाडं एका प्रवाशाच्या जादा खर्चाच्या जवळ घसरलं, तर बाकीचा मोठा खर्च भरून कसा निघणार? एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली. पुढे किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. प्रत्येकीची कारणं वेगवेगळी होती, पण कमी भाडं आणि महाग इंधन यात सगळ्याच भरडल्या गेल्या.

उरलेल्यांपैकी एकट्या इंडिगोकडे देशातले ६० टक्क्यांहून जास्त प्रवासी गेले. डिसेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी तिची तयारी अपुरी पडली आणि हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या. लोक एअरपोर्टवर अडकले, दुसऱ्या कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली. शेवटी सरकारला मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये.

थोडक्यात काय, स्पर्धा म्हणजे फक्त स्वस्त तिकीट नाही. एक फ्लाइट रद्द झाली तर दुसरीने जाता आलं पाहिजे, ही खरी स्पर्धा. आपल्या मार्गावर किती कंपन्या तग धरून आहेत, हेही तिकीट काढताना बघायला हवं.